दोधूच्या पायाचा नारळ

ता. ४ डिसेंबर १९३८, रविवार

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. तो कागदावर यावा, म्हणून लिहितो.

उंदराने उजवा बूट खाल्ला! डाव्याला दातसुद्धा लावला नाही. दोन्ही एकाच खोक्यात, एकाच दुकानातले, एकाच वासाचे. मग उजव्यावरच डूख का? अख्ख्या वकिलीत इतकी एकतर्फी कारवाई मी कोर्टात पाहिली नाही, आणि मी शहाद्याच्या कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे. डावा बूट मात्र कोनाड्यात बसून माझ्याकडे असा बघतो, जसा काही साक्षीदार — आणि फितूर.

नवी जोडी मुंबईहून यायची. दुकानदार म्हणाला, "येईल की." म्हणजे येणार नाही.

फेब्रुवारीत व्यायाम मंडळाची शर्यत. शहादा ते प्रकाशा, शेवट तापीच्या काठावर, महादेवाच्या देवळाखाली. गेल्या साली मी पोचलो तेव्हा मंडप सोडून झाला होता. कचेरीतला हिंमतराव कारकून, शर्यतीत पहिला आलेला, तेवढा थांबला होता, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. "या, वकीलसाहेब," म्हणाला. चेष्टा केली असती तर परवडलं असतं. तांब्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

यंदा शेवटचा येणार नाही. बूट असो वा नसो. उद्यापासून सुरुवात.

ता. ६ डिसेंबर

काल झोप लागली. आज सुरुवात केली. अनवाणी.

प्रकाशा रस्त्यावर पहाटेच्या कापसाच्या गाड्या चालू झाल्यात. बैलांची वाफ, गाडीवाल्यांच्या अंगावर घोंगड्या, आणि मधून मी — अर्ध्या चड्डीत. एक गाडीवान गाडी थांबवून विचारतो, "काय चोरी गयं, भाऊ?" त्याला वाटलं चोरामागे लागलोय! खरंच आहे. या मुलखात चाळिशी उलटलेला माणूस पळतो तो दोनच कारणांनी — पुढे चोर असतो, नाहीतर मागे.

बाभळीचे काटे: पुष्कळ.

हिने पोटऱ्यांना हळद आणि गोडंतेल चोळलं. "या वयात हे काय खूळ," म्हणत चोळलं, पण चोळलं. आता मी गुडघ्याखाली पिवळाधमक आहे.

ता. ११ डिसेंबर, रविवार

टेंभीपर्यंत गेलो. रस्त्यालाच लागून गाव आहे. तिथली कुत्री कायद्याला मानत नाहीत. एकाने माझी चड्डी धरली, तेव्हा एक बाई काठी घेऊन धावली. ओट्यावर दोघी-तिघी जमल्या. माझा श्वास असा वर लागलेला की तोंडातून शब्द निघेना.

"कोन शे हाऊ?"

"शहादाना वकील ना! पाय तं देख. हयद लायेल शे."

"अनवाणी शे व माय."

"भाऊ, कोना नवस शे?"

मी नुसता हात हलवला. बोलायला दम कुठे होता! तर काठीवाली बाई बाकीच्यांना म्हणते, "ईचारू नका व. मौन शे तेनं."

घ्या! हळद, अनवाणी पाय, मौन. जत्रेत नवसाच्या बारागाड्या ओढणाऱ्या भगताला काय लागतं, ते सगळं माझ्याजवळ आपोआप जमलं. उंदराने खाल्ला बूट, हिने लावली हळद, आणि मौन माझ्या फुप्फुसांनी धरलं.

परत येताना एकटाच हसत आलो. गाडीवान बघत होते. त्यांनाही वाटलं असेल, अंगात आलं.

ता. १५ डिसेंबर

टेंभीत कुत्री बांधलेली! माझ्या वेळेला. काठीवाल्या बाईने पायांवर कोमट पाणी घातलं. कोमट — म्हणजे मुद्दाम चूल पेटवून. एका म्हातारीने पायाला हात लावून तो कपाळाला लावला.

दम आता तितकासा लागत नाही. बोलता आलं असतं.

बोललो नाही. कुत्री बांधलेली बरी.

ता. २ जानेवारी १९३९

काठीवालीचं नाव गजराबाई. आज तिने मला ओट्याजवळ थांबवलं. नवरा आत बाजेवर. दोधू नाव. दिवाळीनंतर कापसाच्या गाडीवरून पडला आणि चाक उजव्या नडगीवरून गेलं. बांबूच्या कामट्या बांधून पडला आहे.

ती म्हणाली, "भाऊ, मन्हा मालक दर साल पौषमा अनवाणी परकाशाले जास. पोऱ्या जगना, तेना नवस. यंदा चालावत नही. नवस मोडना तं पाय बसाव नही, असं तेले वाटस. तुम्ही तं पायवरच जाई ऱ्हायनात देवकडे. हाऊ नारय लई जाशात?"

नारळ लाल फडक्यात बांधलेला. आधी आत नेऊन दोधूच्या पायाला लावला आणि मग माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला.

नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की मौन गेलं, मौन गेलं की कोमट पाणी गेलं. मी मान डोलावली. वकिलाने न बोलता घेतलेलं हे पहिलं वकीलपत्र.

शहाद्याची वेस आली तेव्हा लाज वाटली — लाल फडक्यातला नारळ घेऊन, हळद लावलेला वकील! बाररूममधल्या कोणी पाहिलं तर? फडकं सोडलं, त्याने घाम पुसला आणि चड्डीच्या खिशात कोंबलं. नारळ साधा दिसायला लागला. घरी कोनाड्यात ठेवला, फितूर बुटाशेजारी.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

हिने नारळाच्या वड्या केल्या! वर वेलदोडा. मी चार खाल्ल्या. पाचवी उचलताना विचारलं, "नारळ कुठून आणला?"

"तुम्हीच आणून ठेवला होता ना कोनाड्यात. मी म्हटलं, पळून आल्यावर तरी माणसाला घराची आठवण राहिली."

वडी हातात तशीच राहिली. मग तीही खाल्ली. आता टाकून काय उपयोग?

तिळगुळाबरोबर वड्या सगळ्या आळीत गेल्या. हिंमतरावाच्या घरीसुद्धा.

दुसरा नारळ घेता येईल. नारळासारखा नारळ. महादेवाला काय कळतंय!

ता. १६ जानेवारी

धुळ्याच्या साप्ताहिकासाठी सदर लिहिलं. टोपणनावाने लिहितो, ते कोणाचं, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बऱ्याच दिवसांनी हात असा मोकळा चालला. 'टेंभीत माझ्या पोटऱ्यांची प्राणप्रतिष्ठा झाली आहे.' 'जगातल्या सगळ्या धर्मांची स्थापना बहुधा दम लागलेल्या माणसांनी केली असावी.' आणि शेवट — 'भक्तांनी देवासाठी दिलेल्या नारळाच्या वड्या उत्तम झाल्या. देवाला हरकत असेल तर त्याने वकील लावावा.'

बाररूममध्ये वाचून दाखवलं. एकाला हसता हसता ठसका लागला. मी वड्यांचं वाक्य त्याच्यासाठी पुन्हा वाचलं.

गुडघा जरा दुखतो. उजवा.

ता. २२ जानेवारी, रविवार

छापून आलं. गावाचं नावही जसंच्या तसं. ते बदलायचं माझ्या मनात आलं होतं. मग वाटलं, खरं नाव असलं की विनोदाला धार येते.

पाच जणांनी रस्त्यात थांबवून शाबासकी दिली.

ता. २४ जानेवारी

आज टेंभीत कुत्री मोकळी होती.

कोणी हाकललं नाही, कोणी ओरडलं नाही. बायका ओट्यावर होत्या. गजराबाई कापूस निवडत होती. तिने मान वर केली, पाहिलं, पुन्हा कापसात घातली. मी दगड हातात घेऊन कुत्र्यांमधून गेलो. परत येताना शेतांतून, लांबच्या वाटेने आलो. दादरीच्या ज्वारीतून. पाय दवाने भिजले, आणि ते पाणी गार होतं.

दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात हिंमतराव भेटला. हा मूळचा टेंभीचाच, हे मला माहीत होतं. लक्षात नव्हतं — कसं लक्षात नव्हतं? त्याच्या हातात पेपर नव्हता.

मीच विचारलं, "वाचलंत का?"

"मी वाचलं, साहेब. मग गावात वाचून दाखवायला सांगितलं लोकांनी. वकीलभाऊंचं छापून आलंय म्हणून सगळी जमली. गजरावहिनी पुढेच बसली होती. मला आधी माहीत नव्हतं ना, आत काय आहे. वाचायला लागल्यावर थांबता येईना." मग म्हणाला, "वड्या आमच्याकडेही आल्या होत्या."

त्याला दुसरं काही बोलायचं होतं, असं वाटलं. नमस्कार करून गेला.

ता. २५ जानेवारी

हिला हिंमतरावाच्या बायकोकडून कळलं.

"नवसाचा नारळ? माझ्या हातून किसून घेतलात? आणि मी घरोघर वाटत फिरले?"

मी म्हटलं, अगं, फळ ते फळ. त्याला काय कळतं, नवसाचं की बाजाराचं.

"फळाला नाही कळत," म्हणाली. "ज्या बाईने दिलं, तिला कळत होतं. आणि तुम्हाला कळत होतं."

उलटतपासणीत मला असं कोणी अडवलं नव्हतं. जेवताना ताट वाढलं, पाटावर आदळलं नाही. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

गुडघा जास्त दुखतो आहे. उजवाच. दोधूचा कोणता पाय? उजवा!

हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी, ज्याने भगत-बुवांवर इतके कागद काळे केले, तो दिव्याशी बसून गुडघा चाचपतो आहे. भोळ्या लोकांना हसायचं आणि मग त्यांच्याच भीतीने भ्यायचं. निदान त्यांची भीती त्यांची स्वतःची तरी आहे. माझी उसनी.

ता. २७ जानेवारी

टेंभीला गेलो. पळत नाही — चालत. धोतर नेसून. हातात दुकानातला नारळ, चांगला बघून घेतलेला, मोठा.

वाटेत तीन भाषणं तयार केली. एकात क्षमा होती, एकात खुलासा होता, एकात दोन्ही. ओट्याशी पोचलो आणि एकही आठवेना.

गजराबाईने नारळाकडे पाहिलं. "हाऊ दुकानना शे."

"हो."

"तो मन्हा मालकना पायले लायेल व्हता."

"हो, बाई. तो — आम्ही खाल्ला. मला माहीत होतं, तरी खाल्ला. आणि वर छापलं."

"तुम्ही भगत नही, हाई माले पहिलाच दिन समजनं," ती म्हणाली. "भगत कुत्राले घाबरस नही. पन तुम्ही अनवाणी जाई ऱ्हायनात, रोज, त्याच वाटे. म्हनीसन दिधा. मी कधी म्हनं का तुम्ही देव शेतस? हासनात तं हासनात. पन तुम्ही मुंडी हालाई. नही म्हनतात तं मी दुसरं मानूस देखती."

आवाज चढला नाही. ती गव्हातला खडा काढावा तसं एकेक बोलत होती, आणि मी उभा. बस म्हणाली नाही. मीही बसलो नसतो.

तेवढ्यात आतून बाजेवरून आवाज आला. "कोन शे व? वकीलभाऊ शेत का?"

दोधूला मी तोवर पाहिलंच नव्हतं. दारातून वाकून पाहिलं. वाळलेला माणूस, कामट्यांतला पाय गोधडीवर उंच ठेवलेला, चेहरा मात्र हसरा. इतका की मला वाटलं, याला कोणी काही सांगितलं नाही. पण सांगितलं होतं.

तो म्हणाला, "गोड व्हता का?"

मला कळेना.

"नारय. गोड व्हता का? मी हालाई देखेल व्हता, पानी भरेल व्हतं. माले वाटनं, गोडच निंघी."

मी म्हटलं, "हो. गोड होता."

"मंग बरं," म्हणाला, आणि गजराबाईला, "भाऊले च्या कर व."

तिने केला. मी प्यालो. नवा नारळ पुढे केला, तर तिने मागे सारला. "आते नको. तुमनी शरत तुम्ही पया. आमनं आम्ही देखसूत."

परत कसा आलो, आठवत नाही. कुत्री भुंकली असतील.

ता. २८ जानेवारी

'गोड व्हता का.' दिवसभर.

ता. ३१ जानेवारी

बूट आले! पांढरे, करकरीत, दोन्ही पाय शाबूत. खोक्यातून बाहेर काढले नाहीत.

संपादकांचं कार्ड आलं — वाचकांना टेंभी फार आवडली, तिथलंच आणखी पाठवा, शर्यतीवर तर हवंच. उत्तर लिहिलं: विषय संपला. कार्ड डाव्या हाताने पेटीत टाकलं, उजवा खिशातच ठेवला, कारण डोक्यात दोन चांगली वाक्यं आली होती. वाक्यं काय, येतात. येऊ द्यावीत. लिहू नयेत.

पळायला जातो. टेंभीच्या अलीकडून परत फिरतो. गुडघा बरा आहे. कधीपासून बरा आहे, हे पाहिलं नाही.

धोब्याकडचे कपडे आले, त्यात चड्डीच्या खिशातलं लाल फडकं धुऊन आलं. हिने घडी करून माझ्या उशीशी ठेवलं.

ता. ५ फेब्रुवारी, रविवार

शर्यत झाली.

अनवाणी पळालो. हातात नारळ — तोच दुकानातला, लाल फडक्यात. वेशीपाशी सगळा तालुका. बाररूमही. 'वकीलसाहेब, वड्या किती होतील?' 'देवाने नोटीस पाठवली का?' हशा. माझंच वाक्य, माझ्याच अंगावर. चांगलं बसतं, हेही लक्षात आलं.

सुटलो. नारळ घेऊन पळणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. हात भरून येतो. बदलला की दुसरा भरून येतो. काखेत धरला की श्वास अडतो. छातीशी धरला तेव्हा बरं वाटलं, पण मग माणूस तान्हं मूल घेऊन पळाल्यासारखा दिसतो. दिसो.

टेंभी आली. गाव रस्त्याकडेला उभं होतं, हिंमतरावासाठी. कुत्री बांधलेली होती, तीही त्याच्यासाठीच. गजराबाई ओट्यावर. तिने फडकं पाहिलं. मी मान खाली घातली आणि पुढे गेलो. मागे कोणी हसलं नाही. हसले असते तर पाय उचलायला सोपं गेलं असतं.

पुढे चढावर हिंमतराव बसलेला. काटा मोडला होता, पहिला येणारा माणूस! मी थांबलो. त्याने काटा काढला, उभा राहिला आणि माझ्याबरोबरच पळायला लागला, माझ्या चालीने.

"द्या साहेब, थोडा वेळ मी धरतो."

"नको. खाल्ला मी, नेतो मीच."

"बरं," म्हणाला, आणि जरा पळाल्यावर, "मीही दोन वड्या खाल्ल्यात." मग लागला धावायला. पहिला नंबर मात्र गेला.

मी शेवटचा. मंडप सोडत होते. हिंमतराव उभा होता, तांब्या घेऊन. यंदा मी तो दोन्ही हातांनी घेतला.

देऊळ गर्दीने भरलेलं. पायऱ्या चढायचं त्राण नव्हतं. रात्री धर्मशाळेत राहिलो. नारळ उशाशी.

ता. ६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी देवळात गेलो. गर्दी नव्हती. रेवजी गुरवाला म्हटलं, टेंभीच्या दोधूच्या नावाने फोडायचा आहे.

तो म्हणाला, "दोधूना तं फुटना ना, भाऊ. तेनी बाई गया सोमवारले उनी व्हती. अनवाणी. दोन नारय लयेल व्हतात."

"दोन?"

"एक नवराना पायना. अनि दुसरा — आमना नारय एक भाऊनी भूलमा खादा, तो बी याच वाटे पयस, तेना पायले काही व्हऊ देऊ नको, असं म्हने महादेवले. नाव इचारं तं सांगं नही."

नारळ तरीही फोडला. पायी टेंभीला आलो. ओट्यावर कोणी नव्हतं. त्यातली एक वाटी लाल फडक्यात बांधून ओट्यावर ठेवली आणि हाक न मारता निघालो.

चाखून पाहिली नाही. गोड आहे की नाही, ते दोधूने सांगावं.